सतरा नंबरचा शांत कुत्रा

सतरा नंबरच्या कुत्र्याला घर मिळालं. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत ऊन, खिडकीखाली घडी घातलेली सतरंजी, आणि त्याला आडनावाने हाक मारणारा एक म्हातारा माणूस. रजिस्टरमध्ये निळ्या शाईने तसं लिहिलेलं आहे, वर गोल शिक्का आहे, आणि साहेबांच्या खोलीतल्या तक्त्यावर ‘घर मिळालेले’ या रकान्यात त्या महिन्यात त्याच्यामुळे एकाचे दोन झाले आहेत. गोष्ट संपली.

आता असं धरून चला की हे मी सांगितलंच नाही. आमच्या केंद्रात असं धरून चालायची पद्धत आहे. पाण्याची टाकी भरलेली आहे असं धरून चालतो, छत गळत नाही असं धरून चालतो, आणि मागच्या खोलीत काही होत नाही असं तर सगळेच धरून चालतात. त्या खोलीत पांढऱ्या फरशा, एक उंच टेबल आणि एक खुर्ची आहे. खुर्ची कुणासाठी आहे हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

मी तिथे पिंजरा सहायक आहे. म्हणजे झाडणं, धुणं, खायला घालणं आणि अर्ज भरणं. पिंजरे चोवीस, माणसं तीन: साहेब, गेटवरचा वॉचमन आणि मी. डॉक्टर मंगळवारी येतात. नियम साठ दिवसांचा. साठ दिवसांत घर मिळालं नाही, तर त्यानंतरच्या मंगळवारी डॉक्टर मागच्या खोलीत जातात आणि आपण सगळे धरून चालायला लागतो.

सतरा आला तेव्हा वर्ष-सव्वा वर्षाचा होता. रंग तांबूस. एक कान उभा, दुसरा दुमडलेला. जणू एका कानाने नोकरी स्वीकारली होती आणि दुसऱ्याने विचार करायला वेळ मागून घेतला होता. आमच्या गाडीने त्याला एका शाळेच्या मैदानावरून पकडला. तिथे फुटबॉलचा सामना चालू होता आणि हा, गाडीवाल्याच्या लेखी अहवालानुसार, ‘दोन्ही संघांकडून’ खेळत होता. त्याला पकडायला पन्नास मिनिटं लागली. सामना त्या आधीच संपला होता, कारण चेंडू त्याच्याकडे होता.

त्याला स्थिर राहता यायचं नाही. बघायला येणारी माणसं अकरा ते एक या वेळात येतात. पिंजऱ्यासमोर कुणी आलं की हा आनंदाने भिंतीवर चढायचा, तिथून दारावर, दारावरून पाण्याच्या भांड्यात, आणि भांडं डोक्यावर घेऊन पुन्हा भिंतीवर. माणसं कौतुकाने बघायची आणि दोन पावलं मागे सरकायची. मग पुढच्या पिंजऱ्याकडे जायची.

एकदा एक मास्तर आणि त्यांची बायको त्याला घेऊन गेले. चौथ्या दिवशी परत. परत करण्याच्या अर्जावर ‘कारण’ असा रकाना असतो. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘हा थांबत नाही.’ बाईंनी माझ्या कानात सांगितलं, “तसा गोड आहे हो. पण आम्हालाही कधीतरी बसायचं असतं.”

परत आलेल्या कुत्र्याचे दिवस पुन्हा एकपासून सुरू होत नाहीत. पुढे चालू राहतात. सतराचे सव्वीस झाले होते.

माझ्या आधी ज्या बाई या कामावर होत्या त्यांनी जाताना मला दोन गोष्टी दिल्या होत्या: रबरी बूट आणि एक युक्ती. (बाईंनी नोकरीत अकरा कुत्रे स्वतःच्या घरी नेले. बाराव्याच्या वेळी घरमालकाने बाईंचंच सामान रस्त्यावर ठेवलं. तेव्हापासून कर्मचाऱ्याने कुत्रा नेऊ नये असा नियम आहे.) युक्ती अशी: उड्या मारणाऱ्या कुत्र्याला अकराच्या आधी मागच्या आवारात पळवायचं. चांगलं दमवायचं. मग तो पिंजऱ्यात शहाण्यासारखा पडून राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय गुणी जनावर आहे. घरी जाऊन जागा झाला की मग ते आणि त्यांचं नशीब. पण तोवर निम्म्या लोकांचा जीव जडलेला असतो.

मी त्याला दमवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात एक तास पुरला. दुसऱ्या आठवड्यात एका तासानंतर तो माझ्याकडे असा बघायला लागला, की चला, अंग मोकळं झालं, आता सुरू करू या. मग दोन तास केले. मग तीन. चाळिसाव्या दिवसानंतर मी पहाटे पाचला कामावर यायला लागले. पाच ते साडेदहा, मागच्या आवारात, कुंपणाच्या कडेने गोल गोल. मी रबरी बूट घालून आणि तो काहीही न घालता. माझं वजन सहा किलो उतरलं. आईने शेजारणीला सांगितलं की पोरीचं बहुतेक कुठेतरी जमलंय.

पन्नासाव्या दिवशी मंगळवार होता. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“हे हृदय कुणाचं आहे?” त्यांनी विचारलं.

“त्याचंच.”

“नाही, म्हणजे शर्यतीच्या घोड्याचं वाटतंय. काय करतेस तू याला?”

“दमवते.”

“किती?”

मी सांगितलं. डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली. ते गेली कित्येक वर्षं तोच राखाडी स्वेटर घालतात आणि कुणावर ओरडत नाहीत.

“अगं बाई,” ते म्हणाले, “तू याला दमवत नाहीयेस. तयार करतेयस. रोज थोडं जास्त, रोज थोडं जास्त. खेळाडू असंच घडवतात. हा आला तेव्हा नुसता चळवळ्या होता. आता याला पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे इंजिन कपाटात ठेवण्यासारखं आहे.”

“मग आता काय करू?”

“थांबव.”

“थांबवलं तर अकरा वाजता हा छतावर असेल.”

“हो,” डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. दहा दिवस उरले होते हे त्यांनाही माहीत होतं. तारीख त्यांच्याच वहीत होती.

थोरल्या काकांचा विषय घरात निघाला तो चोपन्नाव्या दिवशी. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. याबद्दल कुणी हसलं की म्हणायचे, “हलवाई काय रोज पेढे खातो?” काकू जाऊन वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. गुडघे गेले होते.

“भावजींना कुत्रा हवाय म्हणे,” आई जेवताना म्हणाली. “मला म्हणाले, हल्ली मी फ्रिजशी बोलतो, पण तो बोलता बोलता बंद पडतो.”

“तुमच्याकडे पडलेत ना ढीगभर,” बाबा मला म्हणाले. “दे की एखादा दादाला.”

“शांत बघ हं,” आई म्हणाली. “त्यांचे गुडघे म्हणजे नुसते शोभेला राहिलेत. जिना उतरताना देवाचं नाव घेतात आणि चढताना सरकारचं.”

शांत कुत्रा आमच्याकडे होता. तीन नंबर. वय झालेली कुत्री, एका डोळ्याने अधू, माणसाच्या पायावर हनुवटी टेकून दिवस काढेल अशी. काकांसाठी जणू माप घेऊन शिवलेली. तिचे अठरा दिवस झाले होते, म्हणजे अजून बेचाळीस बाकी. सतराचे सहा.

मी काय केलं ते सरळच लिहिते. काका यायच्या दिवशी मी सतराला पाच ते अकरा पळवलं, अर्धा तास जास्त. मग तीन नंबरचा पिंजरा झाडला आणि त्यावर गोणपाट टाकलं. वर पाटी लावली: ‘धुलाई चालू.’

काका अकरा वीसला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात जुना टेस्टर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तो खिशातून गेला नव्हता. सतरा पिंजऱ्यात आडवा पडला होता. जीभ बाहेर, डोळे मिटलेले. हे नाटक नव्हतं. सहा तासांनंतर त्यालाही साधारण एक तास झोप लागायची. त्यातली वीस मिनिटं गेली होती.

“हा काय, आजारी आहे?” काका म्हणाले.

“नाही हो. शांत आहे.”

“बघ हं पोरी. मला धावपळ जमणार नाही. मला असा हवा, की ज्याला माझ्यासारखंच काही करायचं नाही.”

“हाच तो.”

काका वाकले. वाकायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी गजांतून हात घालून त्याच्या दुमडलेल्या कानाला बोट लावलं. कुत्र्याने झोपेतच शेपूट एकदा आपटलं.

“ओळखतोय मला,” काका म्हणाले. “याचं नाव काय?”

“सतरा.”

“हे काय नाव झालं? कैद्यासारखं. आपल्या घरात येणार म्हणजे आपलं आडनाव लागणार. मी त्याला आडनावानेच हाक मारीन. शाळेत मला मारायचे तशी.”

अर्जात ‘स्वभाव’ असा रकाना आहे. चार पर्याय: शांत, मध्यम, चपळ, सांगता येत नाही. मी ‘शांत’वर खूण केली. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. त्या घटकेला ते खरं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. काकांनी सही केली, साहेबांनी शिक्का मारला आणि उठून स्वतः तक्त्यावर एकाचे दोन केले. मी रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्याला म्हटलं, “जरा पटपट न्या.”

बारा चाळीसला काकांचा फोन.

“पोरी, हा झोपेतून उठला.”

“हो का? छान.”

“नाही, म्हणजे... उठलाच आहे.”

मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग काका हसल्याचा. काकू गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे आधी मला वाटलं त्यांना ठसका लागला.

मी ठरवलं की निस्तरायचं. रोज पहाटे पाचला काकांकडे जायचं, कुत्र्याला तीन तास पळवायचं, दमवून वर आणून सोडायचं आणि मग कामावर. पहिल्या दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी काकांनी माझ्यासाठी चहा करून ठेवला होता आणि कुत्र्याला समोर बसवून लिफ्ट कशी चालते ते समजावत होते. “याला सगळं कळतं,” ते म्हणाले. “फक्त मधे मधे उठून घराला दोन चकरा मारून येतो. पण परत येतो तेव्हा विषय त्याच्या लक्षात असतो.”

चौथ्या दिवशी मी झोपून राहिले. आजारी नव्हते, गजर बंद पडला नव्हता. पाय दुखत होते आणि मी म्हटलं, पाच मिनिटं. उठले तेव्हा साडेसात वाजले होते.

काकांनी सातपर्यंत माझी वाट पाहिली. कुत्रा दारापाशी नाचत होता. मग ते स्वतःच पट्टा घेऊन निघाले. लिफ्टच्या खड्ड्यात काम करणारी माणसं दोरी हातात नुसती धरत नाहीत, मनगटाला दोन वेढे देऊन घेतात, म्हणजे घामाने हात निसटला तरी दोरी निसटत नाही. चाळीस वर्षं त्यांचा जीव त्या दोन वेढ्यांवर होता. त्यांनी पट्टाही तसाच गुंडाळला. कुत्र्याला खालून मैदानाचा वास आला असणार.

वळणापर्यंत जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. काकांना त्यातल्या दोनच लागल्या.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं तेव्हा काका वळणावर पडले होते आणि कुत्रा त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्याला कुठे जाताही आलं नसतं. वेढे पक्के होते. बाईंनी आधी रुग्णवाहिका बोलावली आणि मग आमची गाडी.

खुब्याचं हाड मोडलं होतं. साहेबांनी मला परतीचा अर्ज देऊन हॉस्पिटलमध्ये पाठवलं. “मालकाची सही घेऊन ये. कारणाच्या रकान्यात लिही: माणूस पाडला.”

माणूस पाडलेल्या कुत्र्याला पुन्हा घर देत नाहीत. त्याला साठ दिवसांचीही वाट बघावी लागत नाही.

काका पांढऱ्या चादरीखाली चपटे दिसत होते. मी अर्ज दाखवला. त्यांनी चष्मा मागितला, अर्ज पूर्ण वाचला, मागची बाजूसुद्धा, जिथे काहीच छापलेलं नव्हतं.

“परत करतोय असं कोण म्हणालं?” त्यांनी विचारलं.

“साहेब.”

“साहेबांना म्हणावं, जिना परत करा. माझा कुत्रा कशाला? मी काही परतबिरत करत नाही. पाय बरा झाला की येतो आणि घेऊन जातो.”

“काका, त्याने तुम्हाला पाडलं.”

“अगं, वर्षभर मी दारापर्यंत जायचं म्हटलं तरी अर्धा तास विचार करायचो. त्या दिवशी इतक्या घाईने मला कुणीतरी बाहेर नेलं.” मग म्हणाले, “तुम्ही त्याला नीट बघा हं. तो शांत आहे, पण त्याला एकटं ठेवू नका.”

तिथे मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नर्स थर्मामीटर घेऊन आली आणि मी तोंड मिटलं, जणू थर्मामीटर माझ्यासाठीच होतं.

सही नाही म्हणजे नोंद नाही. कुत्रा पिंजऱ्यात होता, पण कागदावर तिसऱ्या मजल्यावर होता, आणि कागदावरच्या कुत्र्याला डॉक्टर हात लावू शकत नव्हते. साहेब रोज विचारायचे, “झाली सही?” मी रोज हॉस्पिटलमध्ये जायचे, काका रोज नाही म्हणायचे आणि कुत्रा रोज एक दिवस जगायचा. एकाच माणसाच्या ‘नाही’वर इतकं काही उभं असलेलं मी पाहिलं नव्हतं. या काळात मी अकरा जणांना विचारलं, कुत्रा न्याल का. या वेळी खरं सांगून. दहा जण नाही म्हणाले आणि अकरावे मास्तर निघाले. त्यांनी रस्ता ओलांडला.

हॉस्पिटलमधल्या नवव्या दिवशी काकांच्या छातीत कफ झाला. अकराव्या दिवशी सकाळी ते गेले. साठावा दिवस केव्हाच उलटून गेला होता, आणि ते मोजणारी मी एकटीच होते.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा काकांच्या घरी हत्यारांची पेटी आवरत बसले होते. पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने मांडत होते. खिडकीखाली सतरंजी तशीच होती, वर तांबूस केस. साहेबांनी अर्ज पुन्हा दिला होता: मालक मयत असल्यास वारसाने सही करावी.

“तो कागद माझ्यासमोर आणू नकोस,” बाबा म्हणाले. “त्या जनावराच्या कुठल्याच कागदाला मी हात लावणार नाही. सहीही करणार नाही आणि ठेवूनही घेणार नाही. दादा त्याला आपलं आडनाव लावून बसला होता. आपलं आडनाव!”

“बाबा, कुत्र्याची चूक नाही.”

“मग कुणाची? जिन्याची?”

“माझी. तो शांत नव्हता. मला माहीत होतं. मी त्याला सहा तास पळवून झोपवला होता. काकांजोगी एक दुसरी कुत्री होती, तिच्यावर मी गोणपाट टाकलं.”

बाबांच्या हातात बारा नंबरचा पाना होता. त्यांनी तो जागेवर ठेवला. मग उचलला. मग पुन्हा त्याच जागेवर ठेवला. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरच्या चार शिट्या झाल्या. मी मोजल्या.

“हे तुझ्या आईला सांगू नकोस,” बाबा म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले आहेत. मीठ दे, दिवा बंद कर, असं. पण माझ्याकडे बघताना ते जरासे डावीकडे बघतात, जणू मी थोडी सरकून बसले आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांनाही सांगितलं. तेव्हा नोकरी जाईल तर जाईल असं वाटत होतं. साहेब गरम पाण्याचे घोट घेत होते.

“साहेब, स्वभावाच्या रकान्यात मी खोटं लिहिलं. त्याला माणूस पाडणारा म्हणू नका. मला काय म्हणायचं ते म्हणा.”

“रकाना रिकामा तर नाही ना?”

“नाही.”

“मग झालं. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, माहीत आहे ना तुला?” त्यांनी कप ठेवला. “आता हे बघ. मालक मयत. वारस सही करत नाही. परत आल्याची नोंद नाही. म्हणजे सतरा नंबरचा कुत्रा आपल्याकडे नाही.”

“मग पिंजऱ्यात कोण आहे?”

“तेच म्हणतोय मी. कुणी नाही. आणि कुणी नसलेला पिंजरा मी अडवून ठेवू शकत नाही, गाडीत चार नवे आहेत.”

“साहेब, तो इथे नाही, तर डॉक्टर कुणाला सुई देणार?”

“नोंद नसलेल्याची नोंद करावी लागत नाही,” साहेब म्हणाले. ते दुष्ट नाहीत. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एका कुत्र्याचा फोटो आहे. “डॉक्टर मंगळवारी येतातच.”

त्याला पळवून न्यायचं माझ्याही मनात आलं. न्यायचा कुठे? आमच्या घरी बाबा होते. रस्त्यावर सोडला असता तर आमचीच गाडी संध्याकाळी त्याला परत घेऊन आली असती, आणि गाडीवाला आता त्याला धावण्यावरूनच ओळखायचा. ही कारणं खरी आहेत. पण मी ती जरा पटकनच शोधली, हेही खरं आहे.

मंगळवारी डॉक्टर लवकर आले. पिंजऱ्यापाशी उभे राहिले. सतरा भिंतीवर होता, मग दारावर, मग भांड्यात.

“असा मला जमणार नाही,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “शीर सापडणार नाही. उगाच त्याचे हाल होतील. तू याला जरा...” पुढचा शब्द त्यांना म्हणवेना.

“दमवून आणू?” मी म्हटलं.

“हं.”

“आणि दमला नाही तर?”

डॉक्टरांनी स्वेटरची बाही ओढली. “मी थांबतो.”

मला ते वचन वाटलं. दमेपर्यंत थांबतो म्हणाले. हा तर दमणार नव्हता. मी स्वतः तयार केला होता त्याला, रोज थोडं जास्त, रोज थोडं जास्त. पहिल्यांदाच मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. म्हटलं, पळू दे. दुपार होऊ दे, डॉक्टरांना दुसरीकडे जायचं असेल, बुधवार येईल.

आम्ही पळायला लागलो. कुंपणाच्या कडेने, आमच्याच पायांनी पडलेल्या वाटेवरून. तो पुढे जायचा, वळून बघायचा, परत यायचा. त्याला वाटलं आपलं जुनं सगळं सुरू झालं. काकांचे दिवस, पिंजऱ्यातले दिवस, काहीतरी मधेच होऊन गेलं आणि आता पुन्हा ठीक. सात वाजले, आठ वाजले. नऊला साहेब आले, कुंपणापाशी जरा थांबले आणि काही न बघता आत गेले. डॉक्टर पायरीवर बसून होते. पिशवी मांडीवर. दहा वाजले. तो अजून उड्या मारत होता. मला डाव्या बरगडीखाली काहीतरी टोचत होतं, दिसायला कमी झालं होतं, पण पाय चालू होते. मी मोठ्याने म्हणत होते, “पळ. थांबू नको. पळ.”

साडेदहाला मी पडले.

अडखळून वगैरे नाही. पायांनी राजीनामा दिला. तोंडात माती गेली. मी उठायचा प्रयत्न केला आणि हातही वाकले. तो बराच पुढे गेला होता. वळला, धावत आला, माझ्याभोवती दोन चकरा मारल्या. मी त्याला म्हटलं, जा. पळ. आवाज आला नाही.

मग तो थांबला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. जिन्याच्या वळणावर काकांच्या तोंडाकडे बघितलं असेल, तसंच. आणि माझ्या अगदी जवळ, रबरी बुटावर हनुवटी टेकून, आडवा झाला. धापाही टाकत नव्हता. दमला नव्हता तो. नुसता शांत होता.

डॉक्टर पिशवी घेऊन चालत आले.

“हा शांत कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“आत्तापासून,” मी म्हटलं.

मागच्या खोलीतल्या खुर्चीवर पंजा धरून कोण बसतं ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी पिंजरा धुतला, पट्टा खुंटीला लावला आणि ऑफिसात बसून अर्ज लिहिला. साहेबांनी तो वाचला, आवक वहीत चढवला, पोच दिली आणि फाइलला लावला. मजकूर असा:

प्रति,
मा. व्यवस्थापक,
श्वान निवारा केंद्र

विषय : नोंद क्र. सतरा. प्रत्यक्ष परिस्थिती अभिलेखानुसार करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, केंद्राच्या अभिलेखानुसार नोंद क्र. सतराचा कुत्रा (नर, तांबूस, स्वभाव शांत) हा घर मिळाल्याच्या दिनांकापासून तिसऱ्या मजल्यावर वास्तव्यास असून, तो केंद्रात परत आल्याची कोणतीही नोंद उपलब्ध नाही. तसेच पाय बरा झाल्यावर आपण स्वतः येऊन त्यास घेऊन जाऊ, असे मालकाने तोंडी कळविले असून सदर म्हणणे त्यांनी अद्याप मागे घेतलेले नाही. अभिलेख व प्रत्यक्ष परिस्थिती यांत तफावत आढळल्यास ती निदर्शनास आणणे हे पिंजरा सहायकाचे कर्तव्य आहे. आज रोजी अशा तफावती दोन आढळल्या : एक कुत्रा व एक माणूस. अभिलेखात खाडाखोड करण्यास सक्त मनाई असल्याने, सबब विनंती की, प्रत्यक्ष परिस्थितीत आवश्यक ती दुरुस्ती करून दोघांनाही तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ, पूर्ववत ठेवण्यात यावे.